अ‍ॅबी रोड ओलांडताना

लंडनला जाऊन आलेल्या माणसाने काय काय पाहिलेले असले पाहिजे, याबद्दल आपल्याकडे काही ठाम नियम आहेत. राजवाड्यापुढचा पहाऱ्याचा बदल, मेणाचे पुतळे, टॉवरमधला कोहिनूर आणि टेम्सवरचा उघडमीट करणारा पूल. एवढे पाहून आलात तर तुम्ही लंडनला गेला होता, नाहीतर नुसते भाचरांना खाऊ पोहोचवून आलात! २०२४च्या जूनमध्ये मी तीन आठवडे धाकट्या बहिणीकडे राहून आलो. परतल्यावर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चहाबरोबर माझी उलटतपासणी झाली. "काय विशेष पाहिलंत?" या प्रश्नाला मी खरे उत्तर दिले, "एक रस्ता ओलांडला." इंग्रजीच्या प्राध्यापकांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले. मराठीच्या माणसाला परदेशी पाठवले की असेच व्हायचे, असा त्यांचा चेहरा होता.

पण ते उत्तर मी थट्टेने दिलेले नव्हते. तो रस्ता ओलांडण्याचे काम माझ्याकडे वारसाहक्काने आले होते.

आमचे मामा मुंबईला फोर्टात एका कचेरीत कारकून होते. राहायला गिरगावात, चाळीतल्या दोन खोल्यांत. व्यसन म्हणाल तर सुपारीचेसुद्धा नाही. पण १९७० साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी पगाराचा चांगला लचका तोडून बीटल्स या इंग्रज मंडळींची 'अ‍ॅबी रोड' ही लाँगप्ले रेकॉर्ड विकत घेतली. घरी आणून ती लावली, तर पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे ऐन रंगात आले असताना कुणीतरी कात्रीने कापावे तसे मध्येच थांबले! रेकॉर्ड सदोष आहे अशी मामांची खात्री झाली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते दुकानात जाऊन तावातावाने भांडले. दुकानदार शांत माणूस. त्याने दुसरी प्रत उघडून लावली. तीही तिथेच कापलेली. तिसरीही. मग त्याने विचारले, "साहेब, चौथी उघडू?" ते गाणे तसेच तोडलेले आहे, मुद्दाम तोडलेले आहे, हे मामांना त्या दिवशी कळले, आणि "जो माणूस गाणं असं तोडू शकतो त्याला गाणं म्हणजे काय ते समजलेलं असतं," असे एक सुभाषित त्यांना जन्मभरासाठी मिळाले.

मामांना या मंडळींविषयी आणखी एक घरचा जिव्हाळा होता. त्यांच्यातला जॉर्ज हॅरिसन १९६८च्या जानेवारीत एका चित्रपटाचे संगीत ध्वनिमुद्रित करायला मुंबईत आला होता. काम चालले होते फोर्टात, फिरोजशहा मेहता रस्त्यावर, एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत. आपल्याकडची तेव्हाची तरुण मंडळी, हरिप्रसाद चौरसिया, शिवकुमार शर्मा, वाजवायला होती. मुंबईच्या स्टुडिओत एकेरी ध्वनिमुद्रणाचेच यंत्र होते. म्हणून कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचे स्टीरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणवले. स्टुडिओची भिंत काही बाहेरचा आवाज पुरता अडवीत नसे. हॅरिसननेच पुढे सांगितले आहे की नीट कान दिला तर त्या रेकॉर्डवर रस्त्यातल्या टॅक्स्या ऐकू येतात, आणि संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पायांच्या धाडधाडीमुळे ध्वनिमुद्रण थांबवावे लागे.

आता मामांची कचेरी त्याच इमारतीत. नेमणूक १ जानेवारी १९६८ची. ते पत्र मी स्वतः पाहिले आहे. त्यामुळे "मी बीटल्सना थांबवलंय, रोज साडेपाचला!" हे वाक्य आमच्या घरात प्रत्येक पाहुण्याला एकदा तरी ऐकावे लागे. मामी आतून म्हणत, "नुसते थांबवलेत. चहाला तरी बोलवायचं होतं."

असे हे मामा. रेकॉर्डच्या पाकिटावरचा तो रस्ता, त्यावरचे पांढरे पट्टे आणि एकामागून एक चाललेले ते चौघे, हे चित्र त्यांच्या घरी गणपतीच्या तसबिरीच्या खालोखाल होते. त्या रस्त्यावरून एकदा चालायचे असे ते म्हणत. २०२१ साली ते गेले. चालायचे राहून गेले. मामींनी ते पाकीट, रेकॉर्ड काढून ठेवून, मला दिले आणि म्हणाल्या, "जमेल तेव्हा घेऊन जा."

म्हणून लंडनला जाताना माझ्या पेटीत चिवडा, भाजणी, मेतकूट आणि धुतल्या धोतरात गुंडाळलेले एक पन्नास वर्षांचे पाकीट होते.

बरोबर आमची कन्या होती. वय वर्षे एकोणीस. कानात सदैव दोन पांढरी बोंडे, आणि त्यातून येणारे गाणे हे तिचे तिचे. आम्हा बापलेकींत गाण्याविषयी बोलणे होत नसे. त्याचे कारण मला ठाऊक होते, आणि ते तिलाही ठाऊक आहे हेही मला ठाऊक होते. ती तेरा-चौदा वर्षांची असताना एका संध्याकाळी मोठ्या उत्साहाने माझ्याकडे आली होती. "बाबा, हे ऐक." तेव्हा नुकत्याच निघालेल्या बिली आयलिश या अमेरिकन मुलीच्या अल्बममधले ते गाणे होते. मी उत्तरपत्रिका तपासत होतो. अर्धा मिनिट ऐकले आणि लाल पेन खाली न ठेवता म्हणालो, "हे गाणं आहे की कुजबुज? गाणं ऐकायचं तर आमच्या मामांकडे जा." वर्गात असे वाक्य टाकले की मुले हसतात. ही हसली नाही. फोन घेऊन गेली, आणि त्यानंतर "बाबा, हे ऐक" असे कधी म्हणाली नाही.

तर आम्ही निघालो. बहिणीचे घर किंग्जबरीला. तिथून ज्युबिली नावाची भुयारी गाडी सरळ जाते. बहीण म्हणाली, "दादा, मी येते हवं तर." मी म्हणालो, "काही नको. नकाशा आहे." मी भुयारी रेल्वेचा नकाशा अभ्यासलेला होता. त्यावर 'अ‍ॅबी रोड' या नावाचे स्टेशनच मी शोधून काढले होते! वेस्ट हॅमला उतरायचे, छोटी गाडी पकडायची, पुढचेच स्टेशन. कन्या काहीतरी बोलू पाहत होती. पण बाप नकाशा हातात धरून पुढे चालला असताना मुलीने बोलू नये असा माझा चेहरा असावा.

अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक प्रवास करून आम्ही पूर्व लंडनच्या एका निवांत वस्तीत उतरलो. समोर विटांची घरे, एक सायकलवाला, आणि मैलभरात पट्टे नाहीत, बीटल्स नाहीत, काही नाही. स्टेशनावर मात्र एक पाटी होती. ती वाचून माझी काय अवस्था झाली असेल ते वाचकांनीच ताडावे. आपण चुकीच्या अ‍ॅबी रोडला आला आहात, आपल्याला हवा असलेला रस्ता सेंट जॉन्स वूडला आहे, असे त्या पाटीवर बीटल्सच्या गाण्यांच्या नावांशी कोट्या करीत लिहिलेले होते. म्हणजे माझ्यासारखे इतके आले होते की रेल्वेला पाटी लावावी लागली! आणि सेंट जॉन्स वूड? ते आम्ही येतानाच्याच गाडीत मागे टाकले होते. कन्येने एवढेच विचारले, "बाबा, आता मी बघू का नकाशा?"

सेंट जॉन्स वूड ही श्रीमंतांची वस्ती. झाडे गर्द, कुंपणे उंच, आवाज कमी. स्टेशनातून पाच-सात मिनिटे चालले की एका वळणावर घोळका दिसतो आणि तिथे पट्टे आहेत.

खरे सांगतो, पहिल्यांदा हिरमोड होतो. चित्रातला रस्ता मोठा वाटतो. प्रत्यक्षात तो आपल्या डेक्कनवरच्या एखाद्या आडव्या गल्लीपेक्षा फार रुंद नाही. दोन्ही कडांना काळ्यापांढऱ्या खांबांवर पिवळे दिवे उघडझाप करीत असतात. बाजूला गाड्या लावायच्या जागेमागे पांढरा रंग दिलेले एक सभ्य घर. चार पायऱ्या चढून दरवाजा. हाच तो स्टुडिओ. एखाद्या निवृत्त सर्जनचे वाटावे असे हे घर ग्रामोफोन कंपनीने घेतले, मागे मोठी दालने बांधली, आणि १९३१च्या नोव्हेंबरात सर एडवर्ड एल्गार यांनी स्वतः वाद्यवृंद चालवून त्याचे उद्घाटन केले. तेव्हा तो नुसता ई.एम.आय.चा स्टुडिओ होता. रस्त्याचे नाव रेकॉर्डला मिळाले, आणि रेकॉर्डचे नाव उलट स्टुडिओला. आत एरवी कुणाला सोडत नाहीत. म्हणून येणारे लोक कुंपणाच्या पांढऱ्या भिंतीवर लिहितात. सगळ्या जगाच्या लिप्या तिथे आहेत. मी देवनागरी शोधली आणि सापडलीही: कुणीतरी "आई, मी पोहोचलो" असे लिहिले होते. ही भिंत वरचेवर रंगवून काढतात आणि ती पुन्हा भरते.

रेकॉर्डचे नाव आधी 'एव्हरेस्ट' ठेवायचे घाटत होते. पाकिटावरचे छायाचित्र घ्यायला थेट हिमालयात जावे अशीही कल्पना निघाली होती. शेवटी एवढी दगदग नको म्हणून मंडळी दारातल्या रस्त्यावर आली. ८ ऑगस्ट १९६९, सकाळी साडेअकराचा सुमार. इयन मॅकमिलन हा छायाचित्रकार भर रस्त्यात घोडा लावून वर चढला, एका पोलिसाने वाहने थोपवली, आणि दहाएक मिनिटांत सहा छायाचित्रे घेऊन सगळे मोकळे झाले. त्यातले पाचवे निवडले, कारण त्यात चौघांच्या पायांची कात्री नेमकी जुळली होती. हिमालयाचे पाहायला कोण आले असते कुणास ठाऊक. या पट्ट्यांना मात्र २०१० साली सरकारने ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत घातले आहे. रस्त्यावरच्या पट्ट्यांना! आपल्याकडे रस्त्यावरचे पट्टे पहिल्या पावसात जातात.

आम्ही तिथे उभे असताना जे चालले होते ते पाहण्यासारखे होते. चौघा-चौघांच्या टोळ्या रांगेने येत, एकजण बूट काढी, आणि पट्ट्यांच्या मध्यावर पोचले की एक पाय पुढे टाकून सगळे पुतळ्यासारखे थांबत. तेवढ्यात १३९ नंबरची तांबडी बस येई. चालक आधी सोशिकपणे थांबे, मग भोंगा वाजवी. त्या बसचालकांना मी मनोमन नमस्कार केला. रोज अशा किती अर्धवट टाकलेल्या पावलांपुढे त्यांना थांबावे लागत असेल!

मी पिशवीतून पाकीट काढले. कडा झिजलेल्या, एका कोपऱ्यावर चहाचा डाग, मागे मामांची सही आणि तारीख. ते पाहताच शेजारी उभे असलेले एक ब्राझीलचे वयस्क जोडपे जवळ आले. त्या बाईंनी डागावर बोट ठेवून खुणेने विचारले, "कॉफी?" मी म्हणालो, "टी." त्या समजल्यासारख्या हसल्या. त्यांच्याकडेही असेच एक पाकीट असावे.

रांग मोठी होती. तेव्हा आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो, आणि इतकी वर्षे न झालेले बोलणे तिथे सुरू झाले. सुरुवात मीच केली, आणि ती वाईट केली. म्हणालो, "बघ, पन्नास-पंचावन्न वर्षं झाली तरी लोक येतात. तुमच्या आताच्या गाण्यांसाठी कुणी एवढ्या लांबून येईल?"

कन्येने फोनवर काहीतरी शोधले. "बाबा, ऐक. 'रोलिंग स्टोन'मधलं परीक्षण आहे. नोव्हेंबर १९६९." या रेकॉर्डचे संगीत गुंतागुंतीचे आहे पण खोल नाही, आणि त्यातल्या नव्या इलेक्ट्रॉनिक वाद्याने आवाज कृत्रिम केला आहे, अशी त्या परीक्षणात तक्रार होती. मी चपापलो. "सगळं कृत्रिम, सगळं यंत्राचं" हे मामांचे नव्या गाण्याविषयीचे नेहमीचे वाक्य. आणि ते कुणीतरी त्यांच्याच दैवताविषयी रेकॉर्ड निघाल्यावर दोनच महिन्यांत लिहून ठेवलेले! "आणि याच 'रोलिंग स्टोन'नं २०२० साली हीच रेकॉर्ड जगात पाचवी ठरवली," कन्या म्हणाली. "पहिली कोणती माहीत आहे? मार्विन गेची, १९७१ची. आधी तिथं 'सार्जंट पेपर' होती. ती चोविसावी झाली. बाबा, तुमच्या काळाला तुमचाच काळ मागे टाकतोय."

"माझा काळ नव्हे, मामांचा," मी म्हणालो.

"तेच."

हे "तेच" मला लागले. कारण माझा काळ वेगळा होता, आणि त्याची मला आठवण झाली. १९९२ साली 'रोजा'ची गाणी आली. सुट्टीत मी ती कॅसेट घेऊन मामांकडे गेलो. नव्या रहमान नावाच्या माणसाचे ते संगीत ऐकून माझी झोप उडाली होती. मामांनी एक गाणे पुरते होऊ दिले नाही. "बंद कर. पेटीतून पाऊस पाडतात आणि त्याला संगीत म्हणतात." मी बंद केले. मामा मला फार प्रिय होते आणि पुढेही राहिले; पण त्यांच्या घरी मी पुन्हा कॅसेट नेली नाही. नेमके हेच मामांच्या बाबतीतही झाले होते. माझे आजोबा बालगंधर्वांचे भक्त. १५ जुलै १९६७ला गंधर्व गेले तेव्हा आजोबा दोन दिवस जेवले नाहीत, आणि त्याच सुमारास मामा शेजारच्या पारशाकडे 'सार्जंट पेपर' ऐकायला जात हे कळल्यावर त्यांनी "घरात सुतक आहे याची तरी लाज बाळग" असे सुनावले होते. आणि आजोबांच्या वडिलांची तर प्रतिज्ञाच होती: १९०१ साली भाऊराव कोल्हटकर गेले, संगीत नाटक तिथे संपले, नंतरच्या पोरांचे ऐकायला तिकीट काढणार नाही. गंधर्वांचा आवाज त्यांनी अखेरपर्यंत ऐकला नाही. आमच्या घराण्यात संगीत असे चार पिढ्या संपत आलेले आहे.

हे सगळे मी त्या भिंतीशी कन्येला सांगितले. ती हसली, पण मला सवलत दिली नाही.

"तू पाखडलेल्या तांदळाशी भाताच्या पोत्याची तुलना करतोस," ती म्हणाली. हा दृष्टांत तिच्या आजीच्या स्वयंपाकघरातला. "१९६९मध्ये ही रेकॉर्ड निघाली तेव्हा इंग्लंडात आठ आठवडे पहिल्या नंबरवर कुठलं गाणं होतं? एका कार्टूनमधल्या बँडचं. साखर, साखर असं काहीतरी. ते तू ऐकतोस का? ते फोलपट उडून गेलं. आमचं अजून पोत्यात आहे."

मी शिक्षकी पेशाला स्मरून प्रतिवाद केला. म्हणालो, चांगले ते टिकते हे खरे. पण या चौघांनी जे केले ते कष्टाचे होते. त्यांची पहिली लाँगप्ले १९६३च्या ११ फेब्रुवारीला याच घरात बहुतांश एका दिवसात गाऊन झाली. चारच वर्षांनी 'सार्जंट पेपर'ला पाच महिने लागले, आणि तेही चार ट्रॅकच्या यंत्रावर: चार भरले की ते एका जागी ओतायचे आणि उरलेल्या जागेत नवे भरायचे. एका गाण्यासाठी लंडनमधले भारतीय वादक बोलावले. दिलरुब्यावर जोशी आणि गज्जर, तबल्यावर सोनी, तानपुऱ्यावर कन्सारा. पाकिटावर त्यांची नावे छापली गेली नाहीत, हे मला आजही खुपते. 'अ‍ॅबी रोड'च्या वेळी आठ ट्रॅकचे यंत्र आणि ट्रान्झिस्टरवरचे नवे टेबल आले. दुसऱ्या बाजूला अर्धवट राहिलेल्या गाण्यांचे तुकडे त्यांनी असे जोडले की कुठे सांधा दिसू नये, आमच्या गोधडीसारखे. आता सगळे यंत्रात तयार मिळते.

"म्हणजे त्यांनी त्या वेळचं सगळ्यात नवीन यंत्र वापरलं," कन्या म्हणाली.

"हो."

"आणि बिली आयलिशनं काय वापरलं माहीत आहे? भावाची झोपायची खोली. लॉस एंजेलिसमधली छोटीशी. पलंगावर बसून गायली. स्टुडिओ नाही, वाद्यवृंद नाही. म्हणून ती हळू गाते, बाबा. ती कुजबुज आहे कारण ती खोली लहान आहे."

मी गप्प झालो. तो "कुजबुज" हा शब्द तिने पाच वर्षे सांभाळून ठेवला होता.

तेवढ्यात आमची पाळी आली. आम्ही दोघे, ते ब्राझीलचे दोघे. असे चार झाले. तिसरी जागा अनवाणी माणसाची. ती माझ्याकडे आली. मी कोल्हापुरी काढून कडेला ठेवल्या. जून महिना असूनही डांबर गार होते. एका जपानी विद्यार्थ्याने आमचा फोन हातात घेतला. आम्ही चाललो. मध्यावर पोचलो आणि मी मामांचे पाकीट छातीशी धरून थांबलो, तोच भोंगा वाजला. बस होती. मी दचकून वळलो. चित्रात मी त्या बसकडे पाहतो आहे, कन्या माझ्याकडे, आणि पाऊल कुणाचेच कुणाशी जुळलेले नाही. "पुन्हा घेऊ या," जपानी मुलगा म्हणाला. मी म्हणालो, नको. भोंग्याने थांबलेले आहे ते मामांना आवडेल.

चपला घालून आम्ही दहा मिनिटांवरच्या लॉर्ड्सकडे चालत गेलो. मराठी माणूस लॉर्ड्सच्या इतक्या जवळ येऊन तसाच परतत नाही. आत सामना नव्हता. भिंतीबाहेरच्या बाकावर बसून बहिणीने दिलेल्या पोळीभाजीच्या गुंडाळ्या खाल्ल्या. दिलीप वेंगसरकरांनी इथे १९७९, १९८२ आणि १९८६ अशी लागोपाठ तीन कसोट्यांत तीन शतके ठोकली, ही कथा मी कन्येला सांगितली. तिने ती शंभराव्यांदा ऐकली. मग माझ्या मनात आले की आपला घोटाळा इथेच होतो. इथे भिंतीपलीकडे फळा आहे. शंभराला एकशेएकने मागे टाकता येते, आणि चौथे शतक झाले तर तीन ओलांडली गेली. गाण्याला फळा नाही म्हणून आपण याद्या करतो. कन्येने सांगितलेली आणखी एक यादी त्याच मे महिन्यात 'अ‍ॅपल म्युझिक'ने काढलेली होती: पहिली लॉरिन हिल, १९९८, दुसरा मायकेल जॅक्सन, तिसरी 'अ‍ॅबी रोड', बिली आयलिश तिसावी. मी वीस वर्षे ज्ञानेश्वर आणि तुकाराम शिकवतो आहे. तुकोबांनी माउलींना मागे टाकले का, असा प्रश्न मी अजून एकाही प्रश्नपत्रिकेत घातलेला नाही. मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७ साली निघाल्या तेव्हा त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. आज मी त्या पदवीच्या वर्गाला शिकवतो, आणि मुले जांभया देतात तेव्हा मला वाईट वाटते. हे सगळे मला पुस्तकाच्या बाबतीत कळते. मग गाण्याच्या बाबतीत का कळू नये?

एक गोष्ट मात्र मी तिथेच कबूल केली आणि ती आजही सोडलेली नाही. मामांच्या घरी रेकॉर्ड ऐकणे हा एक विधी होता. सत्तेचाळीस मिनिटांची बैठक. कुणी बोलायचे नाही. पहिली बाजू कापली गेल्यासारखी संपली की मामा उठून तबकडी उलटत, सुईवर फुंकर मारत, आणि तेवढ्या वेळात मामी चहा आणून ठेवत. अगदी शेवटी, सगळे संपले असे वाटून चहाचा पेला हातात घ्यावा, तर काही क्षणांच्या शांततेनंतर तेवीस सेकंदांचे एक चिमुकले गाणे दाराआडून डोकावल्यासारखे येई. ते टाकून द्यायचे होते; पण काहीही टाकायचे नाही अशी ताकीद असलेल्या एका तरुण तंत्रज्ञाने ते फितीच्या शेवटाला जोडून ठेवले आणि ते तसेच राहिले. घरी प्रथमच ऐकणारा पाहुणा तिथे हमखास दचके आणि मामांना ब्रह्मानंद होई. अशी एका खोलीत सगळ्यांनी मिळून बसायची बैठकच आता उरली नाही. "प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र बोंड असेल तर दचकणार कोण आणि हसणार कोण?" असे मी म्हणालो.

कन्येने थोडा विचार केला. "हे खरं आहे," ती म्हणाली. तिने माझे काही मान्य केल्याचा तो दिवसातला पहिला प्रसंग.

परतीची गाडी अर्धी रिकामी होती. मी पाकीट मांडीवर घेऊन बसलो. स्विस कॉटेज गेले, फिंचली रोड गेले. डॉलिस हिल आले. इथेच १९३२पासूनचे आपले महाराष्ट्र मंडळ आहे, इथे उतरू या का एकदा, असे काहीतरी मी पुटपुटलो. कन्येने उत्तर दिले नाही. ती फोनमध्ये काहीतरी निवडत होती. मग तिने एका कानातले पांढरे बोंड काढले, ओढणीला पुसले आणि माझ्यापुढे धरले.

"बाबा, हे ऐक."

तेच गाणे होते. मी डोळे मिटले. आधी काहीच कळेना. मुलगी इतकी जवळून गात होती की ती आपल्याच डोक्यात बोलते आहे असे वाटावे. मग कुठेतरी ठेका एकदम गळून पडला. नुसता श्वास राहिला. मी दचकलो. डोळे उघडले, तर कन्या माझ्याकडे टक लावून पाहत होती आणि हसत होती; अगदी मामा पाहत तशी.

"दुसऱ्या बाजूची सर नाही हं," मी म्हणालो.

"मी कुठं म्हटलं आहे म्हणून?"

"पुन्हा लाव."

तिने पुन्हा लावले. मग दुसरे लावले, मग तिच्या मैत्रिणीने सांगितलेले तिसरे. त्यातले एक मला मुळीच आवडले नाही आणि मी तसे सांगितले. त्यावर आम्ही भांडलो. गाडी थांबली, दिवे मंदावले आणि उतारू उतरून गेले तेव्हा ध्यानात आले की किंग्जबरी केव्हाच मागे पडले आहे. हे स्टॅनमोर होते, शेवटचे स्टेशन.

बहिणीचा फोन आला. "दादा, कुठं आहात? जेवायला थांबलोय."

"स्टॅनमोरला."

"स्टॅनमोरला? तिकडं काय आहे?"

"काही नाही," मी म्हणालो. "इथूनच गाडी परत फिरते. येतो."